आर.यू.आर. (नाटक)

आर.यू.आर. हे चेक लेखक कारेल चापेक (१८९०–१९३८) यांनी लिहिलेले व १९२० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले नाटक आहे. ‘रोबोट’ हा शब्द याच नाटकातून जगभरच्या भाषांमध्ये गेला. आपले सर्व श्रम कृत्रिम कामगारांवर सोपवणारी आणि त्यामुळे हळूहळू निरुपयोगी होत जाणारी मानवजात हा नाटकाचा विषय आहे. दुःस्वप्नवत भविष्याचे चित्रण करणाऱ्या, म्हणजेच डिस्टोपियन, साहित्यातील आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींमध्ये त्याची गणना होते.

या नाटकाचा पहिला प्रयोग व्यावसायिक रंगभूमीवर झाला नाही. पूर्व बोहेमियातील ह्रादेत्स क्रालोव्हे या शहरातील ‘क्लित्स्पेरा’ या हौशी नाट्यमंडळाने तो २ जानेवारी १९२१ रोजी सादर केला. प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात हे नाटक त्यानंतर २३ दिवसांनी, २५ जानेवारी १९२१ रोजी रंगमंचावर आले. अनेक संदर्भग्रंथांत हीच दुसरी तारीख पहिल्या प्रयोगाची म्हणून दिलेली आढळते.

नाव आणि शब्दव्युत्पत्ती

आर.यू.आर. ही तीन अक्षरे नाटकातील कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. ‘रॉसमचे सार्वत्रिक रोबोट’ असा त्या नावाचा अर्थ होतो. रॉसम हे आडनाव ‘रोझुम’ या चेक शब्दावर बेतलेले असून त्या शब्दाचा अर्थ ‘बुद्धी’ किंवा ‘विवेक’ असा आहे. कारखान्याच्या नावातच मानवी बुद्धीवरील उपरोध दडलेला आहे.

‘रोबोट’ हा शब्द कारेल यांचे थोरले बंधू, चित्रकार व लेखक योसेफ चापेक (१८८७–१९४५) यांनी सुचवला. कारेल यांनी १९३३ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात ही हकिगत सांगितली आहे. श्रम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लाबोरी’ हे नाव त्यांनी आधी योजले होते. परंतु ते त्यांना कृत्रिम वाटत होते. चित्र रंगवण्यात गुंतलेल्या योसेफ यांना त्यांनी विचारले असता ‘मग त्यांना रोबोट म्हण’ अशा आशयाचे उत्तर मिळाले आणि तेच नाव कायम झाले.

या शब्दाचे मूळ ‘रोबोता’ या चेक शब्दात आहे. सरंजामी व्यवस्थेत कुळाने जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला करावयाच्या सक्तीच्या कामाला ‘रोबोता’ म्हणत. मराठीतील ‘वेठ’ हा शब्द या अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे. हॅब्सबर्ग साम्राज्यातील ही पद्धत १८४८ मध्ये रद्द झाली. त्यामुळे १९२१ च्या चेक प्रेक्षकाला हा शब्द दोन-तीन पिढ्यांपूर्वीची ग्रामीण वेठबिगारी आठवून देणारा होता. त्यात यंत्राचा अर्थ मुळीच नव्हता. मराठीत रूढ असलेला ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रोबोटच्या पुढे प्रचलित झालेल्या धातुमय कल्पनेला अनुसरतो. चापेक यांच्या मूळ कल्पनेशी तो पूर्णपणे जुळत नाही.

पार्श्वभूमी

कारेल चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी ईशान्य बोहेमियातील माले स्वातोन्योविसे या गावी झाला. त्यांच्या शालेय शिक्षणाचा काही काळ ह्रादेत्स क्रालोव्हे येथेच गेला. पुढे प्रागच्या विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला व १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अमेरिकी व्यवहारवादी तत्त्वज्ञानाचा परिचय करून देणारे त्यांचे पुस्तक १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतेही एकच सत्य अंतिम नसते, ही त्या विचारधारेतून आलेली दृष्टी आर.यू.आर.मध्येही दिसते.

कामगाराला निव्वळ उत्पादनाचे साधन बनवण्याची कल्पना चापेक बंधूंनी याआधीही हाताळली होती. १९०८ मधील त्यांच्या ‘सिस्टेम’ या कथेत एक कारखानदार कामगारांच्या भावभावना काढून टाकून त्यांना काटेकोर व आज्ञाधारक बनवतो. एका कामगारात सौंदर्याची जाणीव जागी होताच ही व्यवस्था कोसळते. त्यानंतरच्या दशकात कारखान्यांचे स्वरूप झपाट्याने बदलले. फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीने कामगारांच्या हालचाली मोजल्या जाऊ लागल्या, तर १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यात सरकती जुळणी-रांग सुरू झाली. पहिल्या महायुद्धाने (१९१४–१९१८) औद्योगिक उत्पादनाची हीच क्षमता मोठ्या प्रमाणावरील मनुष्यसंहाराला जुंपली. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी हे नाटक प्रकाशित झाले.

मातीच्या पुतळ्यात प्राण फुंकून त्याला सेवक बनवण्याची ‘गोलेम’ची ज्यू दंतकथा प्राग शहराशी निगडित आहे. रोबोट हा कारखान्यात घाऊक प्रमाणात तयार झालेला गोलेमच होय, असे नाते अभ्यासक जोडतात आणि चापेक यांनीही ते मान्य केले होते.

कथानक

नाटकाची रचना एक प्रास्ताविक प्रवेश आणि तीन अंक अशी आहे. प्रास्ताविकाला लेखकाने ‘विनोदिका’ म्हटले असून त्याचा सूर हलकाफुलका आहे. पुढील अंकांत तो क्रमशः गंभीर होत जातो.

प्रास्ताविक: एका दूरच्या बेटावरील रोबोट कारखान्यात हेलेना ग्लोरी ही तरुणी येते. रोबोटांना माणसाप्रमाणे हक्क मिळवून द्यावेत, हा तिचा हेतू आहे. महासंचालक हॅरी डोमिन तिला कारखान्याचा इतिहास सांगतो. थोरल्या रॉसमने सजीव द्रव्यासारखा वागणारा एक रासायनिक पदार्थ शोधला. देवाची गरज नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याला हुबेहूब माणूस घडवायचा होता. त्याचा अभियंता असलेला पुतण्या व्यवहारी होता. कामासाठी अनावश्यक असलेले सर्व काही माणसातून वगळून त्याने स्वस्त कामगार तयार केला. पंधरा वर्षांपूर्वी दहा हजार डॉलरला पडणारा रोबोट आता कपड्यांसह १२० डॉलरला मिळतो, असे अभिमानाने सांगितले जाते. सुल्ला या रोबोट तरुणीला हेलेना माणूस समजते आणि कारखान्याच्या संचालकांना रोबोट समजते. लवकरच वस्तूंना किंमतच उरणार नाही, दारिद्र्य संपेल आणि माणूस श्रमाच्या दास्यातून मुक्त होईल, असे स्वप्न डोमिन रंगवतो. प्रवेशाच्या शेवटी तो हेलेनाला लग्नाची मागणी घालतो.

पहिला अंक: दहा वर्षे उलटली आहेत. जगातील बहुतेक कामे रोबोट करतात. कामगारांनी रोबोटांची मोडतोड केली तेव्हा त्यांच्याविरुद्ध रोबोटांनाच शस्त्रे देण्यात आली; नंतर सरकारांनी त्यांना सैनिक बनवले. वृद्ध दाई नाना वर्तमानपत्रातील एक छोटी बातमी वाचते: गेल्या आठवड्यातही एकाही मुलाच्या जन्माची नोंद झालेली नाही. माणसांना मुले होणे थांबले आहे. हेलेनाच्या विनंतीवरून डॉ. गॉल यांनी काही रोबोटांच्या घडणीत बदल केलेले आहेत. राडियस नावाच्या रोबोटाला आता मालक व्हायचे आहे. मानवजात वाचावी या आशेने हेलेना रोबोटनिर्मितीचे मूळ हस्तलिखित जाळून टाकते. त्याच दिवशी जगभरच्या रोबोटांनी बंड केल्याची वार्ता बेटावर पोहोचते.

दुसरा अंक: संचालक घरात अडकले आहेत आणि बाहेर रोबोटांचा वेढा आहे. हस्तलिखिताच्या बदल्यात सुटका करून घेण्याची योजना आखली जाते. ते जळून गेल्याचे तेव्हा उघड होते. हिशेब पाहणारा बुसमान पैसे देऊन सौदा करण्यासाठी बाहेर जातो आणि वीजप्रवाह सोडलेल्या कुंपणाला स्पर्श होऊन मरतो. रोबोट आत शिरतात व सर्वांना ठार करतात. एकट्या आल्क्विस्टला जिवंत ठेवले जाते, कारण तो रोबोटांप्रमाणे हातांनी काम करतो.

तिसरा अंक: आल्क्विस्ट हा पृथ्वीवरील शेवटचा माणूस आहे. रोबोटांचे आयुष्य सुमारे वीस वर्षांचे असते आणि नवे रोबोट घडवण्याचे रहस्य नष्ट झाले आहे. रोबोट त्याच्याकडे जगण्याचे सूत्र मागतात; परंतु तो वास्तुकार आहे, शास्त्रज्ञ नाही. अखेर प्रिमुस आणि हेलेना नावाची रोबोट तरुणी यांच्यात त्याला प्रेम आढळते. एकाला वाचवण्यासाठी दुसरा मरण पत्करायला तयार होतो. त्या दोघांना नव्या सृष्टीचे आदम आणि हव्वा मानून आल्क्विस्ट निरोप देतो.

पहिला प्रयोग

चेक भाषेत हौशी नटाला ‘ओखोत्निक’ म्हणतात. ‘स्वखुशीने तयार असलेला’ अशा अर्थाच्या विशेषणापासून हा शब्द बनला आहे. वेतनाची अपेक्षा न ठेवता हौसेने नाटक करणारा, हा मराठी रंगभूमीवरील ‘हौशी’ या शब्दाचा आशयही त्यात आहे. मात्र चेक समाजात या मंडळांचे कार्य करमणुकीपुरते मर्यादित नव्हते. एकोणिसाव्या शतकात शासन व उच्चभ्रू वर्ग यांची भाषा जर्मन असताना लहान शहरांत आणि खेड्यांत चेक भाषेतील नाटक जिवंत ठेवण्याचे काम मोठ्या अंशी या मंडळांनी केले. शिक्षक, कारकून, कारागीर आणि व्यापारी दिवसाचे काम आटोपल्यावर तालमी करीत. प्रागचे राष्ट्रीय रंगमंदिरही लोकवर्गणीतून उभे राहिले. १८८१ मध्ये उघडल्यानंतर काही आठवड्यांतच ते आगीत सापडले आणि पुन्हा वर्गणी जमवून १८८३ मध्ये ते नव्याने सुरू करण्यात आले.

ह्रादेत्स क्रालोव्हे हे लाबे आणि ओर्लिसे या नद्यांच्या संगमावरील शहर या परंपरेचे एक जुने केंद्र आहे. चेक नाटककार वात्स्लाव क्लिमेंट क्लित्स्पेरा (१७९२–१८५९) यांनी तेथील माध्यमिक शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले. पुढे नाटककार म्हणून प्रसिद्ध झालेले योसेफ कायेतान तिल हे त्यांचे विद्यार्थी होते. आर.यू.आर.चा पहिला प्रयोग करणाऱ्या मंडळाने क्लित्स्पेरा यांचेच नाव धारण केले होते. शहरातील नाट्यगृह १८८५ मध्ये उघडले आणि आज तेही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

नाटकाची संहिता नोव्हेंबर १९२० मध्ये प्रागच्या आव्हेंटिनम प्रकाशनाने ग्रंथरूपात आणली होती. तिचे मुखपृष्ठ योसेफ चापेक यांनी तयार केले होते. छापील संहिता उपलब्ध झाल्याने राजधानीबाहेरच्या मंडळालाही ती हाती घेता आली. नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवार २ जानेवारी १९२१ रोजी, क्लित्स्पेरा मंडळाने नाटक रंगमंचावर आणले. ‘रोबोट’ हा शब्द नाट्यगृहात प्रथम उच्चारला गेला तो या प्रयोगात.

प्रागमधील प्रयोग

राष्ट्रीय रंगमंदिरातील प्रयोगाचे दिग्दर्शन वोय्ता नोवाक यांनी केले. नेपथ्य वास्तुकार बेद्रिख फॉयरश्टाइन यांचे, तर वेशभूषा योसेफ चापेक यांची होती. भौमितिक आकारांनी नटलेले नेपथ्य आणि गणवेशधारी रोबोट यांमुळे हा प्रयोग आधुनिक चेक नाट्यकलेतील उल्लेखनीय प्रयोगांपैकी एक मानला जातो.

रंगमंचीय वैशिष्ट्ये

रोबोट माणसांहून वेगळे दिसावेत यासाठी चापेक यांनी फारच साधी साधने सुचवली आहेत. रंगसूचनांनुसार प्रास्ताविकात रोबोटांचा पोशाख माणसांसारखाच असतो. त्यांच्या हालचाली व उच्चार तुटक, चेहरे भावशून्य आणि नजर स्थिर असते. पुढील अंकांत ते कमरेला पट्टा बांधलेले जाड कापडाचे सदरे घालतात आणि त्यांच्या छातीवर पितळी क्रमांक असतो. धातूचे मुखवटे, दिवे किंवा यांत्रिक अवयव यांचा संहितेत कोठेही उल्लेख नाही.

ही साधेपणाची योजना नाटकाच्या अर्थाशी जोडलेली आहे. प्रास्ताविकात हेलेनाला माणूस आणि रोबोट यांतील फरक ओळखता येत नाही. प्रेक्षकाच्या बाबतीतही तेच घडते, कारण दोन्ही भूमिकांत हाडामांसाचे नटच असतात. फरक केवळ अभिनयातून दाखवावा लागतो. तिसऱ्या अंकात रोबोटांमध्ये भावना जागतात तेव्हा नटाला तोच तुटकपणा हळूहळू सोडावा लागतो.

हौशी मंडळांच्या दृष्टीनेही ही रचना सोयीची आहे. संपूर्ण नाटक कारखान्याचे कार्यालय, हेलेनाचा दिवाणखाना आणि प्रयोगशाळा या तीनच बंदिस्त स्थळी घडते. बंड, युद्ध आणि संहार रंगमंचाबाहेर होतात. वार्ता, आवाज आणि खिडकीतून पाहणाऱ्या पात्रांचे वर्णन यांतून ते कळतात. प्रमुख मानवी पात्रे आठ आहेत आणि रोबोटांच्या लहान भूमिका कमी-अधिक नटांमध्ये वाटता येतात. मानवी हेलेना आणि रोबोट हेलेना या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीला देण्याची प्रथाही काही प्रयोगांत आढळते.

आशय

आर.यू.आर.ची ओळख अनेकदा ‘यंत्रांचे माणसांविरुद्ध बंड’ अशी करून दिली जाते. मात्र नाटकातील घटनांचा क्रम पाहता बंड हे आपत्तीचे कारण ठरत नाही. ते तिचे शेवटचे टोक आहे. रोबोटांनी शस्त्र उचलण्यापूर्वीच माणसांची मुले जन्माला येणे थांबलेले असते. बंड झाले नसते तरी एका पिढीत मानवजात संपली असती.

मुले का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर नाटकात आल्क्विस्ट देतो. माणसाची गरजच उरलेली नाही, असे त्याचे म्हणणे आहे. अन्न मिळवण्यासाठी हातही पुढे करावा लागत नाही, इतकी सोय झाल्यावर श्रम, दुःख आणि जबाबदारी यांच्याबरोबर जगण्याचे प्रयोजनही नाहीसे झाले. स्वतः आल्क्विस्ट मनाची अस्वस्थता घालवण्यासाठी मचाणावर चढून विटा रचतो. हीच सवय पुढे त्याचा जीव वाचवते. मात्र ती सुटका सुखाची नाही. ज्यांच्यासाठी बांधावे, असे कोणीही उरलेले नसताना तो एकटा जिवंत राहतो.

परावलंबनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दुसऱ्या अंकात उभा राहतो. वेढ्यात सापडलेले संचालक आपापला दोष शोधू लागतात. डोमिनला माणसाला दास्यातून सोडवायचे होते. डॉ. गॉल यांनी रोबोटांची घडण बदलली. हेलेनाने करुणेपोटी ती बदलायला लावली. बुसमान मात्र हिशेब मांडून दाखवतो की बदललेले रोबोट मोजकेच होते. धोका निर्माण झाला तो एकूण संख्येमुळे, आणि ती संख्या मागणीमुळे वाढली. सगळ्या जगाला रोबोट हवे होते आणि कारखाना केवळ त्या मागणीमागे वाहत गेला, असा त्याचा युक्तिवाद आहे. या युक्तिवादामुळे दोष एखाद्या दुष्ट शास्त्रज्ञावर किंवा लोभी मालकावर ढकलता येत नाही. रोबोट विकत घेणारा प्रत्येकजण त्यात भागीदार ठरतो.

नाटकात श्रमाचे एकांगी उदात्तीकरणही नाही. डोमिनचे स्वप्न हास्यास्पद ठरवलेले नाही. उपासमार आणि अपमानास्पद कष्ट यांतून माणसाची सुटका व्हावी, ही त्याची इच्छा खरी आहे. १९२३ मध्ये लंडनमध्ये या नाटकावर सार्वजनिक चर्चा झाली व तीत जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि जी. के. चेस्टरटन यांनी भाग घेतला. त्यानंतर चापेक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या नियतकालिकात खुलासा केला. आपल्याला रोबोटांपेक्षा माणसांविषयी अधिक आस्था होती, असे त्यांनी म्हटले. डोमिन, आल्क्विस्ट, हेलेना, बुसमान या प्रत्येकाची बाजू आपापल्या ठिकाणी बरोबर आहे आणि चांगल्या हेतूंचाच परस्परांशी होणारा संघर्ष आपल्याला दाखवायचा होता, असा त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय आहे.

भविष्यातील बंड टाळण्यासाठी डोमिन सुचवत असलेला उपायही लक्षणीय आहे. एकसारखे सार्वत्रिक रोबोट बनवण्याऐवजी प्रत्येक देशात वेगळ्या वर्णाचे व भाषेचे राष्ट्रीय रोबोट बनवावेत, म्हणजे ते एकमेकांचा द्वेष करतील आणि एकत्र येणार नाहीत, अशी त्याची योजना आहे. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या युरोपातील प्रेक्षकांना यातील उपरोध स्पष्ट होता.

समकालीन कृतींशी तुलना

तंत्रज्ञानावरील परावलंबन हा विषय ब्रिटिश लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत आधीच हाताळला होता. त्या कथेत माणसे जमिनीखालील कोठड्यांत राहतात आणि त्यांच्या सर्व गरजा एक विराट यंत्र भागवते. यंत्र बंद पडताच संस्कृती संपते. फॉर्स्टर यांचे यंत्र बिघडते, तर चापेक यांचे रोबोट जागे होतात. दोन्ही कृतींत माणूस मात्र आधीच दुबळा झालेला असतो.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांची ‘आम्ही’ ही कादंबरी याच सुमारास लिहिली गेली. तिच्यात माणसांनाच क्रमांक देऊन यंत्रवत बनवलेले आहे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन चित्रपटाने धातूच्या कृत्रिम स्त्रीची प्रतिमा लोकप्रिय केली. चापेक यांनी स्वतः ‘व्हाल्का स म्लोकी’ (१९३६) या कादंबरीत हाच विषय वेगळ्या रूपात पुन्हा मांडला. तेथे स्वस्त मजूर म्हणून राबवलेले समुद्री जीव अखेरीस माणसांच्या जमिनीवर हक्क सांगतात.

इतर देशांतील प्रयोग

१९२३ पर्यंत या नाटकाची सुमारे ३० भाषांत भाषांतरे झाली होती. न्यूयॉर्कमध्ये थिएटर गिल्ड या संस्थेने ऑक्टोबर १९२२ मध्ये गॅरिक थिएटरमध्ये ते सादर केले व तेथे त्याचे १८४ प्रयोग झाले. पुढे हॉलिवूडमध्ये प्रसिद्धी मिळवलेले स्पेन्सर ट्रेसी आणि पॅट ओब्रायन यांनी त्यात रोबोटांच्या छोट्या भूमिका केल्या होत्या. लंडनमधील प्रयोग एप्रिल १९२३ मध्ये सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये सुरू झाला. बर्लिनमधील १९२३ च्या प्रयोगासाठी फ्रेडरिक कीसलर यांनी हलते भाग आणि चित्रपटाचे प्रक्षेपण असलेले नेपथ्य उभारले. टोक्योच्या त्सुकिजी लघुनाट्यगृहात १९२४ मध्ये ‘कृत्रिम मानव’ अशा अर्थाच्या जपानी शीर्षकाने ते सादर झाले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ११ फेब्रुवारी १९३८ रोजी बीबीसीने त्याचे ३५ मिनिटांचे रूपांतर प्रक्षेपित केले. दूरचित्रवाणीवरील ती पहिली विज्ञानकथा मानली जाते.

इंग्रजीतील पहिले भाषांतर पॉल सेल्व्हर यांनी केले व नायजेल प्लेफेअर यांनी त्याची रंगावृत्ती तयार केली. या आवृत्तीत मूळ संहितेतील काही भाग गाळलेला असून डेमन या रोबोटाचे पात्र वगळले आहे. इंग्रजीमार्गे नाटकाकडे जाणाऱ्या वाचकांना दीर्घकाळ हीच संक्षिप्त आवृत्ती परिचित होती. पुढे पूर्ण संहितेची नवी भाषांतरे झाली. क्लॉडिया नोव्हॅक यांचे भाषांतर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

चापेक यांचे निधन २५ डिसेंबर १९३८ रोजी झाल्याने त्यांच्या मूळ चेक संहितेवरील स्वामित्वहक्क आता संपला आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्यकृती सार्वजनिक होते. भाषांतराचा स्वामित्वहक्क मात्र स्वतंत्र असतो. त्यामुळे प्रयोग करू इच्छिणाऱ्या संस्थांना वापरलेल्या भाषांतराची स्थिती वेगळी तपासावी लागते.

प्रभाव

‘रोबोट’ हा शब्द अल्पावधीतच नाटकापासून स्वतंत्र झाला. १९२८ मध्ये लंडनमधील एका अभियांत्रिकी प्रदर्शनात ‘एरिक’ नावाचा धातूचा यांत्रिक माणूस दाखवण्यात आला. त्याच्या छातीवर ‘आर.यू.आर.’ ही अक्षरे कोरलेली होती. चापेक यांच्या सजीव द्रव्यापासून बनलेल्या कामगाराचे सात वर्षांतच लोखंडी आकृतीत रूपांतर झाले होते. अमेरिकी लेखक आयझॅक असिमोव्ह यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ‘रोबोटिक्स’ हा शब्द वापरला आणि रोबोटांनी माणसाला इजा करू नये यासाठी कथांतून तीन नियम मांडले. आर.यू.आर.मधील बंडाची जी भीती मागे उरली होती, तिला दिलेले हे उत्तर होते. माणसाच्या परावलंबनाविषयीचा चापेक यांचा प्रश्न या नियमांच्या कक्षेत येत नाही. तिन्ही नियम पाळणाऱ्या आज्ञाधारक रोबोटांच्या जगातही तो तसाच उरतो. कारण नाटकातील मुलांचे जन्म थांबले तेव्हा बहुतेक सर्व रोबोट आज्ञाधारकच होते.